खपली पडेपर्यंत

मुंजाबा गाडेकराचा सगळ्यात जास्त राग एका झाडावर होता. झाड म्हणणं म्हणजे त्याला उगाच मान देणं झालं. वीतभर उंचीचं, केसाळ पानांचं, लांब दांडीच्या टोकाला इवलंसं पिवळट फूल घेऊन मान वर काढणारं ते साधं तण. पाचोडकडं त्याला दगडी पाला म्हणतात, कारण चांगली काळी माती सोडून दगडाच्या कपारीतून उगवायची त्याला भारी हौस. गारखेड्यात मुंजाबानं भाड्यानं घेतलेल्या घराला कुंपणाची भिंत होती, भिंतीच्या बुडाला नळ होता, आणि नळाच्या ओलीवर हा पाला असा माजला होता की गुलाबाच्या कुंडीनं त्याच्याकडं बघून जीव सोडला.

तणाचा राग आजवर कुणी केला नसेल असं नाही. पण ते शेतकऱ्यानं करावं. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत पंपाचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्याच्या स्टोअरकीपरनं करावं, इतकी वेळ आली कशी, ते सांगतो.

कारखान्यात मुंजाबाच्या टेबलावर 'एम. बी. गाडेकर' अशी पाटी होती. एम म्हणजे काय ते साहेबांनी कधी विचारलं नव्हतं आणि त्यानं सांगितलं नव्हतं. स्टोअरबरोबर त्याच्याकडं आणखी एक मोठं खातं होतं: प्रथमोपचार पेटी. त्यासाठी त्यानं प्रशिक्षण घेतलं होतं, आणि त्याचं प्रमाणपत्र चौकटीत घालून पेटीच्या वर लावलं होतं. कुणी बोटाला चिंधी गुंडाळून आला की मुंजाबा पेन उघडून विचारायचा, "नाव?" मग आडनाव, टोकन नंबर, खातं, जखम कशानं झाली, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुणाच्या चुकीनं झाली. एवढं होईस्तोवर रक्त आपसूक थांबायचं. पेटी उघडायची गरज उरायची नाही, कापूस वाचायचा आणि साहेब खूश व्हायचे. अशी सगळी घडी बसलेली असताना पाचोडहून आई आली.

कस्तुराबाई आली ती दिवाळीपुरती. दिवाळी सरली, फराळाचे डबे घासून फळीवर गेले, आणि आईच्या जाण्याची गोष्ट कुणी काढीना. मुंजाबाच्या बायकोनं, म्हाळसानं, ती काढणं शक्यच नव्हतं, कारण सासू आल्यापासून तिला चहा आयता मिळत होता.

एके सकाळी मुंजाबा पेटीची किल्ली खिशात घालून घरी आलेला आणि कारखान्यात रातपाळीच्या चांदपाशाचा तळहात पत्र्यानं चिरलेला, असा योग आला. चांदपाशा हाताला फडकं दाबून सायकलवर किल्ली न्यायला गारखेड्यापर्यंत आला. मुंजाबा न्हाणीत होता. कस्तुराबाईनं दारातल्या माणसाकडं पाहिलं, खाली ठिबकणाऱ्या रक्ताकडं पाहिलं, आणि किल्लीचं काही विचारलंच नाही. तिनं उभा जन्म मेंढरं राखली होती. काट्यानं फाटलेलं मेंढरू जसं धरतात तसं तिनं चांदपाशाचं मनगट दोन्ही गुडघ्यांत आवळलं, हात आधी नळाखाली धुतला, मग पाला धुऊन तळव्यावर चुरला आणि त्याचा हिरवा रस जखमेवर पिळला.

"आग हो रही, अम्मा," चांदपाशा म्हणाला.

"होऊं दे. उगं ऱ्हाय."

मुंजाबा कमरेला टॉवेल गुंडाळून बाहेर आला आणि सवयीनं म्हणाला, "नाव?"

कस्तुराबाईनं मान न वळवता सांगितलं, "घाव घेऊन आलेल्याला नाव पुसायचं नसतं. पुसलं की पाल्याचा गुण जातो."

"अगं आई, मला माहीत आहे त्याचं नाव. हा आमच्या प्रेसशॉपमधला..."

"तोंड मिट. आन् तू रं बाबा, खपली पडली की ये आन् तुझं नाव मला सांगून जा. तेवढंच देणं. पैसाबिसा घ्यायचा नाय, उपकार मानायचा नाय. आन् धनुर्वाताची सुई टोचून घे. पाला काय सगळंच करतो व्हय?"

सासरी तिच्या सासूनं तिला हीच रीत दिली होती. मेंढराला कुणी नाव विचारत नाही, बरं झाल्यावर मात्र ते ओळख दाखवतं, असं काहीसं त्यामागचं कारण होतं. मुंजाबाला ते अडाणीपणाचं वाटलं आणि तो राग गिळून कामावर गेला.

चांदपाशाची खपली पडली आणि तो नाव सांगायला आला, तेव्हा बरोबर पेठेतली जिलबी आणि आणखी दोन जखमी घेऊन आला. मग प्रेसशॉप आलं. मग लेथवाले आले. वाळूजकडच्या नव्या कारखान्यांतून, ज्यांचं मुंजाबाशी काही देणंघेणं नव्हतं असेही लोक विचारत विचारत यायला लागले. सकाळी मुंजाबा दाढी करायला बसला की खिडकीतून रांग दिसायची. बरं, रांगा दोन. एक घाव घेऊन आलेल्यांची, दुसरी नाव सांगायला आलेल्यांची. नाववाले फाटकाशी उभे राहून आपलं, बापाचं, गावाचं असं सगळं खणखणीत सांगायचे. कस्तुराबाई ते ऐकून घ्यायची, "बरं हाय," म्हणायची, आणि पाला चुरता चुरता गुणगुणायची:

कपारीच्या पाल्या, तुला कुणी लावलं नाही
घाव घेऊन आला, त्याचं नाव पुसू नाही
खपली पडली बाई, आता येऊ दे दारात
नाव सांग बाळा, तुला बांधीन पदरात

गळा गोड होता. मुंजाबाला त्याचाही राग आला. कारखान्यात पेटीवर धूळ बसली होती. साहेबांनी एकदा हसत विचारलं, "गाडेकर, ओपीडी घरी हलवली म्हणे?" प्रमाणपत्राच्या चौकटीत कोळ्यानं जाळं केलं. माणसानं शिकावं, वर चढावं, नावाची आद्याक्षरं करावीत, आणि त्याला एका तणानं हरवावं, हे कुठल्या शास्त्रात बसतं?

शेजाऱ्यांनी सल्ले द्यायला सुरुवात केली. शेजारचा कडुबा बँकेत कारकून होता आणि प्रत्येक संकटावर त्याचा एकच उपाय असे. तो म्हणाला, "पाटी लावा." "कसली?" "कसलीही. पाटी वाचायला लागू नये म्हणून लोक निघून जातात." समोरचा मोहियोद्दीन टेलर म्हणाला, "गाडेकरसाब, अम्मा का हात अच्छा है. परवाना निकालो, बोर्ड लगाओ, हौ? कपडे मैं सी देता." त्याची बायको रईसा म्हणाली की पाला काढायचाच असेल तर तिच्या शेळ्या आहेत. हा एवढाच सल्ला कामाचा होता आणि तोच मुंजाबानं मनावर घेतला नाही.

तो महापालिकेच्या कचेरीत गेला आणि घरासमोरचं तण काढून मिळावं असा अर्ज दिला. तिथल्या माणसानं चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "तण रस्त्यावर आहे की आवारात?"

"भिंतीच्या फटीत."

"बाहेरच्या अंगाच्या की आतल्या?"

"फट आरपार आहे."

"मग मूळ बघावं लागेल. मूळ आत असेल तर मालकाचं, बाहेर असेल तर आमचं, आणि मध्ये असेल तर बांधकाम खात्याचं. उपटून मूळ घेऊन या, मग सांगतो."

"उपटलं तर अर्ज कशाला करू?"

"तेच तर म्हणतोय मी," असं म्हणून त्यानं चष्मा खाली घेतला.

एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर मुंजाबाचा राग घरगुतीच राहिला असता. पण दिवस नामांतराचे होते. विद्यापीठाच्या नावावरून अख्खा मराठवाडा धुमसत होता. कधी ह्यांचा बंद, कधी त्यांचा बंद, कधी पोलिसांची जमावबंदी. खेड्यांतून घरं जळाल्याच्या बातम्या यायच्या आणि त्या वाचून माणसं चहा गार होऊ द्यायची. ओळखीची माणसंही एकमेकांचं आडनाव नव्यानं विचारू लागली होती.

घरमालक पुंडलिकराव वरच्या मजल्यावर राहायचे. कचेरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांची सगळी नोकरी गॅलरीत चालायची. रांग ते रोज बघायचे. त्यात एके दिवशी कपाळावर आडवी चीर पडलेला एक तरुण येऊन बसला. घोटून दाढी केलेला, निळी सुती पँट घातलेला, फारसं न बोलणारा. जखम यंत्रावरची नव्हती. चौकातून जाताना कुठूनतरी दगड आला होता, एवढंच तो म्हणाला. कस्तुराबाईनं त्याचं डोकं काखेत धरून पाला पिळला. मुंजाबानं त्याला ओळखलं. तो त्यांच्याच लेथवर होता आणि हजेरीपटावर त्याचं नाव मुंजाबा रोज वाचत होता.

संध्याकाळी पुंडलिकराव खाली आले. ते कधी आवाज चढवत नसत. गादीवर बसल्यासारखं बोलत.

"गाडेकर, तो कपाळवाला कोण?"

"कामगार आहे."

"ते झालं. नाव काय? हे बघा, मी कुणाच्या विरुद्ध नाही. पण दिवस कसले आहेत. आडनाव कळलं म्हणजे माणसाला बरं पडतं. एक करा, जो येईल त्याचं नाव-आडनाव विचारून मला देत चला. ते जमत नसेल तर महिनाअखेर जागा मोकळी करा. तुमच्या वेळीही मी विचारलंच होतं की, गाडेकर म्हणजे कोणते?"

विचारलं होतं. आणि मुंजाबानं "पैठणकडचे" असं सांगून वेळ मारून नेली होती. मेंढरं राखणाऱ्यांचा पोर म्हटलं असतं तर घर मिळालं असतं की नाही, हे त्याला अजून ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक करून घ्यायची त्याला हौस नव्हती. घर चांगलं होतं. नळ होता, मोरी होती, म्हाळसाच्या शिवणयंत्राला उजेडाची खिडकी होती. असं घर या भाड्यात शहरात पुन्हा मिळणार नव्हतं.

त्यानं आईला सांगितलं, "उद्यापासून एकेकाचं नाव विचारत जा."

"मंग पाला कामून पिळू? गुण जाईल."

"आई, घर जाईल."

"घर बांधता येतंय," कस्तुराबाई म्हणाली आणि भाकरीच्या पिठाला लागली.

म्हणून मुंजाबानं ठरवलं की रोग मुळातूनच काढायचा. पाला नाही तर रांग नाही, रांग नाही तर नावं नाहीत. रविवारी भल्या सकाळी, आई मारुतीला गेलेली बघून, त्यानं खुरपं घेतलं. बुडाचा सगळा पाला मुळासकट उपटला आणि भिंतीवरून मोहियोद्दीनच्या बाजूला फेकला. रईसाच्या शेळ्यांनी तो जमिनीला टेकूही दिला नाही. उपटता उपटता मुंजाबाचा राग निवण्याऐवजी चढत गेला. शेवटी एकच जुडगा उरला. तो भिंतीच्या माथ्यावर, पुंडलिकरावांनी चोरांसाठी रोवलेल्या काचांच्या मधोमध उगवून वाऱ्यावर डुलत होता. मुंजाबाला वाटलं, तो हसतोय.

कडुबाकडून आणलेल्या स्टुलाचा एक पाय आखूड होता. पाटीचा सल्ला देणाऱ्या माणसानं स्टुलाला 'पाय आखूड आहे' अशी पाटी लावू नये, याला काय म्हणावं? स्टूल कललं, मुंजाबानं आधाराला भिंत धरली आणि तळहात काचेवरून अंगठ्याच्या मुळापासून करंगळीपर्यंत फाटला. जुडगा डुलत राहिला.

म्हाळसा धावत आली. "थांबा, आत्याबाई येतीलच आता."

"आईच्या हातचा पाला? मी मेलो तरी नाही."

"पाला आहे कुठं? तुम्हीच तर उपटला," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावला. रडू लपवायला की हसू, हे मुंजाबाला कळलं नाही. त्यानं दोन्हींचा राग केला.

मोहियोद्दीननं स्कूटर काढली. औरंगपुऱ्यात त्याच्या गिऱ्हाइकाच्या ओळखीचा दवाखाना होता. मुंजाबा हाताला टॉवेल गुंडाळून मागं बसला. बाहेर पडल्यावर कळलं की आज पुन्हा बंद आहे. कुणाचा, ते सांगायला रस्त्यावर माणूस नव्हतं. पहिल्याच चौकात पोरांचं टोळकं आडवं आलं.

"नाव काय?"

"एम. बी. गाडेकर. हात कापलाय."

"एम म्हणजे?"

"अरे, रक्त वाहतंय."

"ते दिसतंय. एम म्हणजे? गाव कोणतं?"

टोळक्यातल्या एकाला पाचोड माहीत निघालं म्हणून सुटका झाली. पुढच्या चौकात दुसरं टोळकं होतं. घोषणा उलट्या होत्या, प्रश्न तेच होते, आणि तिथं पाचोड कुणाला माहीत नव्हतं. त्यापुढं पोलीस होता. त्यानं दोघांची नावं विचारून, मोहियोद्दीनचं दोनदा विचारून, मग टॉवेलकडं बोट दाखवलं. "हे काय?"

"हात," मुंजाबा म्हणाला.

"गाडेकरसाब, आज पूरे शहर कू जनगणना का शौक हुवा है," मोहियोद्दीन स्कूटरला किक मारत पुटपुटला.

दवाखान्यात डॉक्टर नव्हते, बंदमुळे येणारही नव्हते. कंपाउंडर होता. त्यानं वही ओढली, पेन उघडलं आणि मान वर न करता म्हणाला, "पूर्ण नाव?" मग आडनाव, वय, गाव, जखम कशानं झाली. "आणि कुणाच्या चुकीनं? आधी ते सांगा. दंगलीतली असेल तर आम्ही हात लावत नाही." लादीवर मुंजाबाचं रक्त थेंबाथेंबानं गोळा होत होतं. हे वाक्य आपण कुठंतरी ऐकलंय असं त्याला वाटलं. मग ध्यानात आलं की ऐकलेलं नव्हतं, रोज म्हटलेलं होतं. याचा त्याला असा काही राग आला की तो कुणावर काढावा हेच कळेना. कंपाउंडरनं धनुर्वाताचं इंजेक्शन तेवढं दिलं, तेही चांगल्या हातावर. टाके मात्र उद्या, डॉक्टर आले तर. एक हात फाटलेला आणि दुसरा ठणकणारा, असा मुंजाबा परत निघाला. परतीच्या वाटेवर पुन्हा तेच चौक लागले. या खेपेला त्यानं कुणी विचारायच्या आतच ओरडून सांगितलं, "हात फाटलाय माझा, हात. नाव घरी ठेवून आलोय." रक्तानं भिजलेला टॉवेल त्यानं असा काही वर धरला की पोरं आपसूक बाजूला झाली.

घरासमोर रांग होती. रांगेच्या तोंडाशी कस्तुराबाई कमरेवर हात ठेवून उभी होती आणि ज्यानं पाला उपटला त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. त्या पिढ्या तिच्या स्वतःच्याच सासरच्या होत्या, हे तिला माहीत नसावं. किंवा चांगलंच माहीत असावं.

"पाला नाय. घरी जावा," ती लोकांना म्हणाली.

तेव्हा कपाळवाला तरुण उठला. दुसऱ्यांदा पाला पिळून घ्यायला तो आला होता. त्यानं जेवणाचा डबा उघडून पुढं केला. डब्यात हिरवागार दगडी पाला दाबून भरला होता.

"कारखान्याच्या मागं लई उगवलाय, मावशी. स्टोअरच्या भिंतीला. म्हटलं तुम्हाला कमी पडत असंल."

स्टोअरच्या भिंतीला. म्हणजे मुंजाबाच्या खुर्चीच्या बरोबर पाठीमागं.  मुंजाबा गेला आणि रांगेच्या शेवटाला उभा राहिला. पुढच्यांनी त्याचा टॉवेल बघून त्याला पुढं ढकललं.

कस्तुराबाईनं त्याच्या तोंडाकडं पाहिलंच नाही. हात पाहिला. मनगट गुडघ्यांत आवळलं, जखम धुतली, पाला चुरला आणि पिळला. मुंजाबाच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले.

"आई गं..."

"उगं ऱ्हाय," ती म्हणाली, मेंढराला म्हणावं तसं. "उद्या टाके घालून घे."

वरून चपलांचा आवाज आला. पुंडलिकराव जिना उतरत होते, हातात कोरा कागद आणि पेन घेऊन. "रविवार आहे, म्हटलं आज नावं घेऊन टाकू," ते शांतपणे म्हणाले आणि कागद मुंजाबाच्या चांगल्या हाताशी धरला. "ह्या कपाळवाल्यापासून करा सुरुवात. तुमच्याच कारखान्यातला आहे ना? म्हणजे तुम्हाला माहीत असेलच."

 तरुणानं डब्याचं झाकण लावलं आणि मुंजाबाकडं बघितलं. त्या बघण्यात विनवणी नव्हती. सवय होती. आता काय होणार हे आधीच माहीत असलेल्या माणसाची सवय. दोन्ही चौकांत थोडा वेळ मुंजाबाच्याही डोळ्यांत ती आली असेल. ह्याच्या डोळ्यांत ती जन्माची होती.

म्हाळसाच्या शिवणयंत्राची खिडकी मुंजाबाला समोर दिसत होती. मोरी दिसत होती. नळ ठिबकत होता.

"माहीत आहे," तो म्हणाला. "पण आमच्यात घाव घेऊन आलेल्याचं नाव सांगायचं नसतं. पाल्याचा गुण जातो."

"आमच्यात म्हणजे कुणात?"

"मेंढरं राखणाऱ्यांत. मी धनगराचा आहे, पुंडलिकराव. तुम्ही पहिल्या दिवशी विचारलं होतं, ते आज सांगतो. नाव मिळायचं नाही. घर घ्या तुमचं." आणि सकाळपासून साठलेला सगळा राग अखेर त्याला जागेवर टाकता आला. "आणि त्या काचा काढा. चोर एक नाही आला, भाडेकरू मात्र फाटला."

पुंडलिकरावांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "महिनाअखेर." जिना चढताना त्यांच्या चपलांचा आवाज तसाच शांत होता, आणि मुंजाबाला त्याचा फार राग आला.

महिनाअखेरीस टेम्पो आला. जागा मुकुंदवाडीला मिळाली होती. नळ सार्वजनिक, खिडकी लहान. सामान चढवायला सगळी रांग आली. प्रेसशॉपनं कपाट उचललं, लेथनं पलंग, मोहियोद्दीननं शिवणयंत्र स्वतः डोक्यावर घेतलं. कडुबानं स्टूल परत मागितलं आणि टेम्पोच्या मागं 'नाजूक सामान' अशी पाटी बांधली. गॅलरीत पुंडलिकराव खुर्चीत बसले होते.

कपाळवाला तरुण पातेल्यांचं पोतं ठेवून फाटकाशी आला. कपाळावर आता फक्त एक गुलाबी रेघ होती.

"मावशी, खपली पडली. नाव सांगायला आलो."

"सांग बाबा."

तो ताठ उभा राहिला. "नागसेन किसन साळवे. राहणार भीमनगर," असं त्यानं सांगितलं ते कस्तुराबाईला, पण आवाज गॅलरीपर्यंत जाईल असा. रांगेतला एकही माणूस हलला नाही.

"बरं हाय," कस्तुराबाई म्हणाली. "लई बरं नाव हाय." आणि पदराच्या टोकाला तिनं एक गाठ मारली.

मग ती टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसली. मुंजाबासाठी जागा मागं, गाद्यांवर. त्याचा त्याला राग आला. चढण्यासाठी त्यानं टेम्पोची कडा धरली तेव्हा टाके काढलेल्या हातावरची शेवटची खपली निघून खाली पडली. कस्तुराबाईनं खिडकीतून ते पाहिलं.

"काय रं," ती म्हणाली. "नाव काय तुझं?"

मुंजाबानं आजूबाजूला पाहिलं. सगळी रांग वाट बघत उभी होती.

"मुंजाबा," तो चिडूनच म्हणाला. "मुंजाबा बिरू गाडेकर. पाचोडचा."

"बरं हाय," आई म्हणाली आणि पदराला दुसरी गाठ मारली.